दोष मुठीचा

कारभारीनं चाकू वाफ्याबाहेर भिरकावला आणि उजवा हात जोरात झटकला.

"ह्याच्या मुठीत दमच न्हाई," तो म्हणाला. "निसटून राह्यला सारखा. प्लास्टिक ते प्लास्टिकच."

त्याची बायको गोजरबाई त्याच्या मागं चार-पाच रोपं सोडून बसली होती. तोंडात कलम बांधायची पट्टी धरलेली, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. येत असतं तरी ती बोलली नसती. समोरच्या रोपाच्या खुंटाभोवती तिनं भराभर पट्टीचे वेढे घातले, गाठ आवळली आणि मगच चाकू शोधायला उठली.

"राहू दे तिथंच," कारभारी म्हणाला. "उद्या स्टीलचा आणतो. पहिल्यासारखा."

"पहिल्याला काय धाड भरली होती?"

"तो गुळगुळीत झाल्ता."

"आन् मधी पितळी मूठ बसवून घेतल्ती, ती?"

"जड होती."

पलीकडच्या वाफ्यातून भुजंगनं मान वर काढली. "कारभारीभाऊ, आता चांदीच्या मुठीचा करा एखादा. तेवढाच राह्यला."

सगळे हसले, कारभारीही हसला. नवरा-बायको दोघंही असं हसण्यात आता पटाईत झाली होती.

शहागडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून भागवतरावांची मोसंबीच्या रोपांची नर्सरी होती. मोसंबी नुसती बी लावून कोणी करत नाही. जंबेरी नावाच्या रानटी लिंबाचं रोप वाढवायचं, त्याच्या खोडाची साल चाकूनं उघडायची, आणि मोसंबीच्या चांगल्या झाडाच्या काडीवरचा एक डोळा काढून त्या सालीत बसवायचा. त्याला डोळा भरणं म्हणतात. वरून पट्टी घट्ट बांधायची. दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा दिसला तर लागला, काळा दिसला तर मेला. नर्सरीत काम जोडीनं चालायचं: गडी पुढं चाकू चालवणार, बायको मागनं पट्टी बांधणार. बाईनं चाकू धरायचा नाही. बाईच्या हातचा डोळा लागत नाही, असं गडी म्हणायचे, आणि बायकाही ऐकून घ्यायच्या. कुठं वाद घालत बसायचं!

चाकूच्या मुठीवरून मात्र तिथं वाद जुनाच होता. भुजंगसारखे तरणे गडी फायबरच्या मुठीचे. हलका असतो, पौषात गारठत नाही, उन्हात चटका देत नाही, लाल-पिवळा असल्यानं गवतात पडला तरी दिसतो. कारभारी एकटा स्टीलवाला. त्याच्याशी ह्या विषयावर बोलायला बसलं की चहा गार व्हायचा.

"लोखंड हाताला खरं सांगतं," तो म्हणायचा. "साल किती सुटली, पातं लाकडाला टेकलं का, समदं मुठीतून वर येतं. प्लास्टिक म्हणजे मुका माणूस. पोटातलं काही सांगत न्हाई."

गोजरबाईकडे पट्टी कापायला एक पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीचा घडीचा चाकू होता, बाजारात चटईवर मांडून विकतात त्यातला. कारभारी त्याला चाकू म्हणतच नसे. "तुहा तो चमचा दे गं," असं म्हणायचा, आणि सुतळी कापून झाली की दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर असल्यासारखा, तिच्यापुढं टाकायचा. थंडीच्या दिवसांत मात्र त्याची लाडकी स्टीलची मूठ बर्फ व्हायची. मग तो ती काखेत दाबून धरायचा, वाफ्याच्या कडेनं दोन चकरा मारायचा आणि ऊब धरली की कामाला बसायचा. तरणी पोरं चिडवायची, "अंडं उबवून राह्यले भाऊ." इतकी वर्षं हेच चाललं होतं.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी धुकं पडलं होतं, जो तो हातावर फुंकर मारत होता. कारभारीनं पिशवीतून चाकू काढला, उघडला आणि तसाच गारेगार मुठीत धरून कामाला लागला. गोजरबाई बघत राहिली. तिला वाटलं, विसरला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला आणि कारभारी तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुहा पिवळा दे बरं जरासा. स्टीलचा सरकून राह्यला."

भुजंगनं ते ऐकलं आणि अख्ख्या नर्सरीत बोंब मारली, "कारभारीभाऊनं पार्टी बदलली!" काय तो हशा! गोजरबाईही पदर तोंडाला लावून हसली. पण हसता हसता तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. ज्या माणसानं प्लास्टिकला आयुष्यभर मेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरलं, तो आपण होऊन मागतो, हे काही बरं लक्षण नव्हतं. मुठीत काही बिघडलं नव्हतं, बिघाड हातात होता, हे तिला त्याच घडीला कळलं होतं. नंतर कोणी विचारलं असतं तर तिला नाही म्हणता आलं नसतं.

त्याच आठवड्यात तिनं पहिला वाईट डोळा पाहिला. साल फाटलेली, चीर पार लाकडात गेलेली, डोळ्याची कड चेंगरलेली. असा डोळा लागणं शक्य नव्हतं. कारभारी पुढच्या रोपावर वाकलेला होता, पाठमोरा. तिनं इकडे तिकडे पाहिलं. मग ओच्यातली काडी घेतली, पिवळा त्याच्याकडे गेल्यावर पट्टीसाठी आणलेला दुसरा प्लास्टिकचा चाकू घेतला, त्याच्या चिरेच्या बोटभर वर नवीन चीर दिली, साल उचलली, डोळा सरकवला आणि दोन्ही चिरा झाकतील अशी पट्टी बांधून टाकली. काय करायचं हे हातांना ठाऊक होतं. वीस-बावीस वर्षं ती त्याच्या मागं बसून तेच बघत आली होती.

पट्टी सोडायचं कामही बायकांचंच; त्या दिवशी ती आधी त्याच रोपाकडे गेली. डोळा हिरवागार होता, टपोरा. तिला एकदम हसू आलं आणि ते कोणाला दाखवता येईना.

मग ते अंगवळणीच पडलं. आधी दहातला एखादा, मग निम्मे, आणि ह्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळेच. कारभारी पुढं चिरा देत जायचा, ती मागं बसून नव्यानं डोळे भरत यायची. ती मागं पडली की तो ओरडायचा, "काय झोपली का गं? जल्दी कर की!" ती म्हणायची, "आले, आले." आणि कारभारी मुठीमागं मूठ बदलत राहिला. प्लास्टिक झालं, पितळ झालं, लाकडी झाली, एकीला सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळून झाला. दरवेळी पहिले दोन दिवस म्हणायचा, "आता बराबर." तिसऱ्या दिवशी मुठीच्या नावानं शिव्या.

भागवतराव वाफे बघायला आले की त्याच्या वाफ्यापाशी थांबायचे. "कारभारी, तुमच्या वाफ्यात काळा डोळा हुडकून सापडत न्हाई राव. ह्या पोरांना शिकवा जरा."

संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडताना तो हेच वाक्य तिला सांगायचा, तिनं ऐकलेलं असताना. ती "हूं" म्हणून तव्यावरची भाकरी उलटायची. त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या आता सकाळी ती लावून देत होती. त्यानं सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसल भाग बसून तिथं खळगा पडला होता, तोही दोघांनी पाहिला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिची आई उठता-बसता म्हणायची. आयांचं काय जातं म्हणायला!

आणि खरं सांगायचं तर नुसती नवऱ्याची अब्रू राखायची होती असंही नाही. तिला त्या कामाची गोडी लागली होती. साल उघडताना होणारा तो बारीक आवाज, ओली पांढरी लाकडाची पाठ, त्यावर बरोब्बर बसणारा डोळा. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामाला पट्टी बांधलेल्या बाईच्या हातून काही उगवत होतं. ते तिला सोडवेना. ही गोष्ट तिनं स्वतःशी कबूल केली ती फार उशिरा.

एकदा, दोन दिवाळ्यांच्या मधल्या होळीच्या आसपास, रात्रीचं जेवण झाल्यावर कारभारी ओसरीवर हात चोळत बसला होता.

"गोजरे," तो म्हणाला, "हे बोटं मुंग्या आल्यावानी होऊन राह्यले सारखे. जालन्याला जाऊन दाखवावं का एकदा?"

ती भांडी घासत होती. तिचा हात थांबला. आता सांगावं, असं तिला वाटलं. तोंडाशी आलं होतं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. वाफे, डोळे, भागवतरावांचं कौतुक.

तोच पुढं म्हणाला, "पण काम तर बराबर चालू हाय म्हणा. हातात दोष असता तर डोळे लागले असते का?"

"तेच तर," गोजरबाई म्हणाली. "थंडीनं धरले असतील. तेल लावून देते."

आणि तिनं खरंच कोमट तेल आणून त्याचा हात चोळून दिला. होळी म्हणजे थंडी सरलेली, हे दोघांनाही ठाऊक होतं.

चाकू भिरकावला त्यानंतर चार दिवसांनी मीना आली. मीना त्यांची मुलगी, जालन्यात दिलेली, तिचा नवरा एमआयडीसीत बियाणाच्या कारखान्यात कामाला. आई-बापाला डबा द्यावा म्हणून ती नर्सरीत आली, आणि वाफ्याच्या तोंडाशीच थबकली.

"आबा! रक्त!"

कारभारीनं वर पाहिलं. नव्या स्टीलच्या चाकूनं अंगठ्याशेजारचं बोट चांगलं उघडलं होतं. काडीवर रक्त, मुठीवर रक्त, मागच्या तीन-चार रोपांच्या खोडावर रक्त. तो इतका वेळ तसाच काम करत होता.

"कुठं?" त्यानं विचारलं. त्याला हात उलटा करून बघावा लागला, तेव्हा दिसलं.

मीनानं दुसऱ्याच दिवशी दोघांना जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी टाचणी टोचून पाहिली, बोटं फाकवायला सांगितली, कागद चिमटीत धरायला सांगितला. कागद धरता येईना. मग मानेचा मोठा फोटो काढला. मानेतली नस दबली होती, बऱ्याच दिवसांपासून.

"ऑपरेशन करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे यापुढे वाढणार नाही. पण गेलेली ताकद परत येईल असं मी सांगू शकत नाही. वर्षभरापूर्वी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. बारीक काम करता ना तुम्ही? ते बिघडायला लागलं तेव्हाच यायचं."

कारभारी खुर्चीत ताठ झाला.

"मॅडम, काम बिलकुल न्हाई बिघडलं. मालकाला इचारा. मह्या हातचा एक डोळा वाया गेला न्हाई. हिला इचारा, ही रोज संग असती."

डॉक्टरीणबाईंनी गोजरबाईकडे पाहिलं.

"न्हाई गेला," गोजरबाई म्हणाली.

"कमाल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि औषधं लिहायला लागल्या.

बाहेर बाकावर मीनानं तिचा दंड धरला. "आई, तुला काहीच कळलं न्हाई का गं? तू रोज एका हाताच्या अंतरावर बसतीस."

"मला अडाणीला काय कळतंय बाई," गोजरबाई म्हणाली. म्हणताना तिला वाटलं, ही जीभ झडून जाईल तर बरं. होळीच्या रात्री नाही वळली, आता बरी वळते. तिथं बाकावर बसूनच ती रडली. नवऱ्याच्या काळजीनं रडते आहे असं समजून मीनानं तिला पाणी आणून दिलं.

ऑपरेशन झालं. मानेला पट्टा लावून कारभारी घरी बसला. मुंग्या गेल्या, दुखणं गेलं, पण बोटं होती तिथंच राहिली. तो दिवसभर त्या बोटांकडे बघायचा आणि कोणी भेटायला आलं की सांगायचा, "हात गेला, पण शेवटच्या दिवसापर्यंत एकसुद्धा डोळा मेला न्हाई." येणारे माना हलवायचे. गोजरबाई चहा टाकायला आत निघून जायची. तिच्याजवळ त्याला द्यायला दुसरं काही नव्हतं, एवढा एक अभिमान होता, आणि तोही खोटा. काढून घ्यावा तर माणूस उघडा पडणार, राहू द्यावा तर तिचा तिला घास गिळवेना.

फाल्गुन लागता लागता त्यानं भागवतरावांना निरोप धाडला आणि तो गोजरबाईला घेऊन नर्सरीत गेला.

"मी हिला डोळे भरायला शिकवतो," त्यानं सांगितलं. "बोलणं महं, हात हिचे."

"बाईच्या हातानं?" भुजंग म्हणाला.

"मह्या शिकवणीत बी जमलं न्हाई तर मंग बोल."

भागवतरावांनी मान खाजवली आणि कडेचा एक वाफा दिला. कडेचा म्हणजे बिघडला तरी चालेल असा.

दोघं समोरासमोर बसली. चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. कारभारीनं तो उघडून मातीवर ठेवला. स्टीलचा. मग ती उचलेपर्यंत थांबला.

"प्लास्टिकचा नको," तो म्हणाला. "नव्या माणसाला हाच बरा. घाबरू नको. पहिले पंधरा-वीस खराबच होतेत. महे बी झाल्ते."

गोजरबाईनं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. पहिला डोळा बिघडवायचा. दुसराही. त्यानं रागवायचं, समजवायचं, आणि तिनं हळूहळू शिकल्यासारखं करायचं. एवढं तरी त्याला द्यायचं. स्टीलचा चाकू तिनं आजवर कधी चालवला नव्हता. मूठ गार होती, वजनदार होती. तिनं पातं सालीवर टेकवलं आणि मुद्दाम जास्त दाबलं.

पातं लाकडाला टेकलं आणि ते मुठीतून तिच्या तळव्यात आलं, स्पष्ट, कोणी बोलावं तसं. हात आपोआप थांबला. चीर सरळ उतरली. साल दोन्हीकडे अलगद सुटली, आणि तिला काही सुचायच्या आत काडीवरचा डोळा निघून, सरकून, जागेवर बसलाही होता.

मानेच्या पट्ट्यामुळे कारभारीला वाकता येत नव्हतं, म्हणून तो गुडघ्यांवर पुढं सरकला आणि त्यानं तो डोळा जवळून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्यानं मागं वळून गेल्या हंगामातल्या आपल्या वाफ्यांकडे पाहिलं. तिथं रोपं कमरेएवढी झाली होती.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"मागल्याच्या मागल्या दिवाळीपासून."

"समदे?"

"आधी थोडे." तिनं चाकू मातीवर ठेवला. "मंग समदे. मला समदं कळत होतं. मागल्या होळीला तुमी दवाखान्याचं काढलं, तवा मीच म्हणले थंडीनं झालं. मी बोलले असते तर तुमचा हात वाचला असता."

"हां," कारभारी म्हणाला. "वाचला असता."

तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं नुसता उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. रस्त्यावरून ट्रक गेले. भुजंगच्या वाफ्यातून कोणीतरी विचारलं, "काय भाऊ, जमतंय का वहिनींना?"

"जमतंय," कारभारीनं मोठ्यानं उत्तर दिलं.

मग तो तिला म्हणाला, "पट्टी दे इकडं. डोळा उघडा ठेवतेत का असा? वाळून जाईल."

पट्टीचं एक टोक त्यानं दातात धरलं, डाव्या हातानं खुंटाभोवती वेढे घातले. उजव्या हाताची बोटं मधेमधे येत होती. गाठ मारायला त्याला पुष्कळ वेळ लागला. कपाळावर घाम आला. ती बघत होती, हात मांडीखाली दाबून धरून.

"बघ," तो धापा टाकत म्हणाला. "झाली का बराबर?"

वेढे सैल होते, खालून फट दिसत होती. पाणी गेलं असतं, डोळा काळा पडला असता. तो पुढच्या रोपाकडे वळला की दोन मिनिटांत तिला ती पट्टी सोडून पुन्हा बांधता आली असती. झाली, हा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसलाही होता.

"न्हाई," गोजरबाई म्हणाली. "ढिली हाय."

कारभारीनं तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, गाठीचं टोक पुन्हा दातात धरलं आणि ती सोडायला लागला.